तीच तक्रार घेऊन ती चौथ्यांदा आली

या वेळचं पत्र एका वैद्यकीय अधिकाऱ्याचं आहे. थोडं कमी करून देते आहे.

“मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आहे. दोन वर्षं झाली. बाजाराच्या दिवशी ओपीडी सव्वाशेवर जाते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातली एक पस्तिशीची बाई पाडव्यापासून पोळ्यापर्यंत चार वेळा आली. डोकं दुखतं, हातापायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अन्न गोड लागत नाही. बीपी नॉर्मल, ईसीजी नॉर्मल, हिमोग्लोबिन साडेनऊ. मी लोहाच्या गोळ्या दिल्या, बी-कॉम्प्लेक्स दिलं, एकदा तिनेच मागितलं म्हणून सलाईन लावलं. पाचव्या वेळी तिला टेम्पोत घालून आणलं. फवारणीचं औषध प्यायली होती. पोट धुतलं, ॲट्रोपिन दिलं, १०८ने पुढे पाठवलं. वाचली. डिस्चार्ज कार्डावर ‘मानसोपचार ओपीडीत दाखवणे’ अशी एक ओळ आहे. ती गेलेली नाही. नवरा म्हणतो, बाहेरचं झालं होतं, आता उतरलंय.

तेव्हापासून प्रत्येक अंगदुखीत मला तीच दिसते. मानसिक आरोग्याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी घेतलंय, फाईल कपाटात आहे. पण दोन मिनिटांत मन कसं तपासायचं? आमच्या सिस्टर म्हणतात, ‘मॅडम, नादी लागू नका, एकदा रडायला लागली की तासभर उठत नाही.’ हे खरंच आमचं काम आहे का? आणि दिवाळीनंतर ती माणसं कारखान्यावर जातील. तिचं काय करू?”

प्रिय डॉक्टर,

तिचं काय करायचं ते शेवटी सविस्तर लिहिलंय. पण पुढे वाचायच्या आधी एक फोन करा. त्या गावच्या आशाताईंना आजच तिच्या घरी जायला सांगा. दोनच गोष्टी बघून यायच्या: ती जेवतेय-झोपतेय का, आणि उरलेलं फवारणीचं औषध घरात आहे का. असेल तर ते आज घराबाहेर गेलं पाहिजे. भावकीत द्या, कृषी केंद्रवाल्याला परत करा, पण त्या घरात नको. एकदा असा प्रयत्न केलेल्या माणसाला पुढच्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत धोका सगळ्यात जास्त असतो. ‘आता उतरलंय’ या वाक्यावर विसंबू नका.

आता तुमच्या मनावरच्या ओझ्याबद्दल.

तुम्ही तिला टाळलं नाहीत. चारही वेळा तपासलंत, ईसीजी काढलात, रक्त बघितलंत. अडलं ते एकाच जागी. सगळं नॉर्मल आलं आणि तुम्हाला वाटलं, चला, काही नाही. तिच्यासाठी मात्र ‘काही नाही’ हा निकाल फार जड होता. त्रास तर होतोय, आणि डॉक्टर म्हणतात काही नाही. मग सांगायचं कुणाला? रिपोर्ट नॉर्मल आले की तिथून पुढे विचारायला सुरुवात करायची, ही सवय तुम्हाला कुणी लावलेली नव्हती. मलाही नव्हती.

१९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. मी तेव्हा ताजी एमबीबीएस. औसा तालुक्यात पत्र्याच्या शेडमधल्या दवाखान्यात माझी नेमणूक झाली. आधी हाडं, जखमा, जुलाब. ते ओसरलं आणि पाठदुखी, डोकेदुखी, ‘अंगातून वाफा निघतात’ यांची रांग लागली. त्या रांगेत पन्नाशीचे एक गृहस्थ दर मंगळवारी यायचे. बायको, दोन मुलं, सून, सगळे ढिगाऱ्यात गेलेले. म्हणायचे, बीपी बघा. बीपी दर वेळी ठीक. मी पट्टा सोडायचे, ‘बाबा, छान आहे, काळजी करू नका’ म्हणायचे आणि पुढच्या पेशंटला हाक मारायचे. असे सात-आठ मंगळवार गेले. एक दिवस आमच्या आरोग्य सेवकांनी, माझ्या वडिलांच्या वयाचे होते ते, मला बाजूला घेतलं. म्हणाले, “मॅडम, त्यांना बीपी नाही हे त्यांनाबी माहीत आहे. पट्टा बांधताना तुम्ही हात धरता, म्हणून येतात.”

पुढच्या मंगळवारी मी पट्टा बांधला, फुगवला, हवा सोडली, पण काढला नाही. तसाच हात धरून विचारलं, “बाबा, रात्री झोप कशी लागते?” ते म्हणाले, “चार वाजायच्या आत उठून बाहेर येऊन बसतो.” भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला होता. एवढं कळायला मला दोन महिने लागले, आणि ते दर आठवड्याला माझ्यापुढे येऊन बसत होते. पुढे मी मानसोपचाराची पदविका केली ती त्या मंगळवारांमुळे.

म्हणून ‘हे आमचं काम आहे का’ याचं माझं उत्तर: ही माणसं तुमच्याकडे आलेलीच आहेत. त्यांच्यावर उपचारही चालू आहेत, फक्त चुकीचे. बी-कॉम्प्लेक्स, सलाईन, पेनकिलर, आणि गावातल्या मेडिकलमधून मिळणारी झोपेची गोळी, अल्प्राझोलम. तुम्ही नाही म्हणालात तर ती मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणार नाहीत, पुढच्या इंजेक्शनवाल्याकडे जातील.

मराठवाड्यात तर दुसरा रस्ताही जवळ नाही. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. त्यांतलं एकही आपल्याकडे नाही. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सोय आहे. पण डोंगरपट्ट्यातल्या बाईने तिथवर जायचं म्हणजे पहाटेची एसटी धरायची. तिकीट अर्धं झालंय, रोज मात्र पूर्ण बुडतो. वर ‘मानसिक’च्या पाटीखाली बसलेलं कुणी गाववाल्याने पाहिलं तर घरी काय सांगायचं? तुमच्या केंद्रात ती बीपी-शुगरच्या रांगेत बसते, तिथे कुणी काही विचारत नाही. प्राथमिक केंद्राची ही ताकद मोठ्या हॉस्पिटलकडे नाही.

आकडे बघायचे तर बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. महाराष्ट्र त्या बारांत नव्हता, तरी अंदाजापुरता तोच आकडा धरू. १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी काही ना काही मानसिक आजार होता, आणि आजारानुसार त्यांतल्या ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. तुमच्या केंद्राखाली तीस हजार लोकसंख्या, त्यात वीसेक हजार प्रौढ धरले, तर दोन हजार माणसं झाली. एका जिल्ह्यातल्या मोजक्या मानसोपचारतज्ज्ञांनी ती बघायची म्हटलं तर कसं होणार?

कागदावर हे काम तुमचं आहेच, आजकालचं नाही. १९८२च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातच प्राथमिक केंद्रांचा विचार होता. कर्नाटकातल्या बळ्ळारीत प्राथमिक केंद्रांच्या डॉक्टरांना तयार करून जे जमलं, त्यावरून १९९६ साली जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १८ सांगतं की ही सेवा प्राथमिक पातळीपासून सर्वसाधारण आरोग्य सेवेतच मिसळलेली हवी. कायदा झाला, फाईल कपाटात आली. शेजारी बसून ‘असं विचार’ म्हणून दाखवणारं माणूस तेवढं आलं नाही. ते मी इथे करून बघते.

सव्वाशे जणांना मनाचे प्रश्न विचारू नका. शक्य नाही आणि गरजही नाही. विचारायचं ते एवढ्यांनाच: तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आलेला, तपासणीत काही न सापडलेला. झोप नाही म्हणणारा. गोळ्या चालू असूनही ज्याची शुगर ताब्यात येत नाही तो. बाळंतपणाला वर्ष झालेलं नाही अशी बाई. ज्या घरात कुणी आत्महत्या केली आहे त्या घरातलं कुणीही. आणि दारू पिणाऱ्याची बायको, ती तर हमखास. बाजाराच्या दिवशीसुद्धा हे आठ-दहाच्या वर भरणार नाहीत.

विचारायचं आपल्या भाषेत. ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत आपल्या ओपीडीत कुणी येत नाही. ‘करमंना गेलंय’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘डोस्क्यात मुंग्या फिरतात’, ‘पोरगा गेल्यापासून त्यांनी हाय खाल्ली’ असं येतं. ‘मानसिक’ शब्दाला लाज चिकटलेली आहे, ‘टेन्शन’ला नाही. मग टेन्शन म्हणा. आधी झोपेवर या, भुकेवर या, मग: “गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागंना, असं होतंय का?” आणि “जीव उदास असतो का, पुढं काही चांगलं होईल असं वाटतंच नाही, असं?” एवढे दोनच प्रश्न. तुम्ही ते ओळखले असतील. आशाताई तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा जो सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांच्या धोक्याची यादी, भरतात, त्याच्या शेवटच्या भागात हेच दोन प्रश्न आहेत. तिथे बेरीज तीनच्या पुढे गेली तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याकडे किंवा तुमच्याकडे पाठवायचं असतं. मी पाहिलेल्या गठ्ठ्यांमध्ये त्या जागी रांगेने शून्य होते. आशाताईंचा दोष नाही, ते प्रश्न कसे उच्चारायचे हे त्यांना कुणी सांगितलं नाही. तुमच्या पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास फक्त त्यासाठी ठेवा. एकीने पेशंट व्हायचं, एकीने विचारायचं. अर्ध्या तासात फरक दिसेल.

दोन्हींपैकी एकाला जरी ‘हो’ आलं की पीएचक्यू-९चे, म्हणजे नैराश्य मोजायच्या प्रश्नावलीचे, नऊ प्रश्न. ते समुदाय आरोग्य अधिकारी भरू शकतात, तुमची खुर्ची अडत नाही. सोबत थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२ची कमतरता यांचा विचार करा. तिच्या साडेनऊ हिमोग्लोबिनला तुम्ही लोह दिलंत ते बरोबरच होतं. रक्तही कमी आणि मनही खचलेलं, दोन्ही एका बाईत असू शकतं.

नवव्या प्रश्नापाशी बहुतेकांचे पाय अडखळतात. मरणाबद्दल विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेलं येईल, ही भीती. तसं होत नाही. विचारल्याने हलकं वाटतं, कारण तोवर ते तिने कुणालाच सांगितलेलं नसतं. पायरी-पायरीने विचारा. “इतका वैताग येतो का, की जगून काय करायचं असं वाटतं?” हो म्हणाली, तर: “जीवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का?” मग: “काही ठरवलंय का? कसं, कधी?” शेवटचं उत्तरही ‘हो’ असेल, तर ओपीडी थांबली तरी चालेल. तिला एकटी सोडायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, जिल्ह्याच्या पथकाला तुम्ही स्वतः फोन करायचा आणि त्याच दिवशी सोबत माणूस देऊन पाठवायचं.

सासू शेजारी उभी असते, सून बोलणार कशी? त्यावर माझा जुना उपाय म्हणजे वजनकाटा. सिस्टरना सांगायचं, यांचं वजन घ्या, आतल्या खोलीत. वजन घ्यायला सासू मागे येत नाही. तेवढी दोन मिनिटं पुरतात.

सिस्टरचं म्हणणं मनाला लावून घेऊ नका, त्यांच्यावर कामाचा बोजा आहे आणि त्यांना भीती वाटते. रडणाऱ्या बाईचं काय करायचं हे नर्सिंगच्या शिक्षणात फारसं कुणी शिकवत नाही. मी कित्येकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंय. रडणं चार-पाच मिनिटं चालतं. मध्ये न बोलता, पाण्याचा ग्लास पुढे करून बसलं, तर ते आपोआप थांबतं आणि नंतर माणूस नीट बोलतो. तासभर लागतो तो आपण ‘रडू नका, रडू नका’ म्हणत राहिलो तर. सिस्टरना एकदा तुमच्या शेजारी बसवा. तुम्ही काही शिकवू नका, त्यांना फक्त बघू द्या.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही विचारलंत, दोन मिनिटांत मन कसं तपासायचं. दोन मिनिटांत तपासून होतच नाही. पण तुमच्याकडे दोन मिनिटं एकदाच नाहीत. दर आठवड्याला दोन मिनिटं आहेत, वर्षभर आहेत. शहरातल्या तज्ज्ञाला पेशंट एकदा दिसतो आणि नाहीसा होतो. तुमचा पेशंट बाजाराला येतो, लसीकरणाला येतो, सासूची बीपीची गोळी न्यायला येतो. म्हणून पहिल्या भेटीत सगळं उलगडायचा अट्टहास सोडा आणि परत बोलावण्यावर जोर द्या. ‘गरज वाटली तर या’ असं कधीही म्हणू नका. खचलेल्या माणसाला आपली गरज कुणाला आहे असंच वाटत नसतं, तो येणार नाही. दिवस सांगा: “पुढच्या बाजाराच्या दिवशी, दहा वाजता, मी वाट बघते.” साधी शंभर पानी वही घ्या. नाव, गाव, नऊ प्रश्नांची बेरीज, पुढची तारीख. तारखेला आली नाही तर संध्याकाळी आशाताईंना फोन. टीबीचा पेशंट चुकला तर आपण घरी जातोच की. तसंच हे.

गोव्यातल्या २४ दवाखान्यांत एक मोठी चाचणी झाली, २०१० साली ती प्रसिद्ध झाली. वैद्यकीय पदवी नसलेल्या, त्या कामापुरत्या तयार केलेल्या समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या पेशंटना आजार समजावून सांगितला, बोलतं ठेवलं, पुन्हा पुन्हा गाठलं. लागेल तिथे डॉक्टरांनी गोळी दिली. सरकारी केंद्रांत येणाऱ्यांमध्ये बरं होण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं. तुमच्याकडे आशाताई आहेत, समुदाय आरोग्य अधिकारी आहेत. नवी पदं मंजूर व्हायची वाट बघू नका.

औषधांचं तुम्हाला माहीत आहे, पण तीन दिवसांच्या प्रशिक्षणात जे निसटतं ते सांगते. नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर फ्लुओक्सेटिन २० मिलिग्रॅम सकाळी, हा प्राथमिक पातळीवर बरा पर्याय आहे. त्याआधी एक प्रश्न विसरू नका: “कधी याच्या उलट झालं होतं का? झोप नसूनही अंगात जोर, सारखी बडबड, पैशाची उधळपट्टी?” तसं असेल तर नुसती नैराश्याची गोळी सुरू करू नका, तज्ज्ञाला विचारा. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि पहिल्या आठवड्यात मळमळ, बेचैनी होऊ शकते. हे आधीच सांगितलं नाही तर ‘गोळी उष्ण पडली’ म्हणून ती चौथ्या दिवशी बंद होते. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची, हेही पहिल्याच दिवशी सांगा. ॲमिट्रिप्टिलिन ही नैराश्याची जुनी गोळी स्वस्त आहे, डोकेदुखीवर चालते, म्हणून सगळीकडे असते. पण जास्त घेतली गेली तर जिवावर बेतते. जीवाचं बरंवाईट मनात येणाऱ्या माणसाच्या हातात तिची पाकिटं देऊ नका. अशा पेशंटला कुठलीही गोळी आठवड्यापुरती, आणि तीही घरच्यांच्या ताब्यात. अल्प्राझोलम, डायझेपाम सवय लावतात. द्यायचीच वेळ आली तर मोजक्या दिवसांसाठी. भांडारात औषध नसेल तर मागणीपत्रात दर महिन्याला लिहीत राहा. मागणीच नाही म्हणून पुरवठा नाही, असं बऱ्याच ठिकाणी झालेलं आहे.

गोळीइतकंच काम साध्या गोष्टी करतात. ‘मन रमवा’, ‘टेन्शन घेऊ नका’ हे सल्ले मात्र देऊ नका, त्याने कुणाचं काही झालेलं नाही. तिला विचारा, पूर्वी काय आवडायचं? एकीने मला सांगितलं होतं, “पहाटं अंगणात सडा घालायचे, आता तेबी होत नाही.” आम्ही ठरवलं, आठवडाभर फक्त सडा, बाकी घरकाम सुनेने केलं तरी चालेल. पुढच्या खेपेला ती म्हणाली, पाच दिवस जमलं. वहीत मी ‘सडा ५’ असं लिहून ठेवलं होतं. मग रांगोळी, मग शेजारणीकडे जाणं. कामाने मन उघडतं, मन उघडायची वाट बघत बसलं तर काम होत नाही. आणि एका तरी अडचणीला हात घाला. बचत गटाचा हप्ता थकलाय, मायक्रोफायनान्सचा माणूस दारात येऊन बसतो, मुकादमाची उचल, म्हणजे तोडीसाठी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटली नाही. कर्ज तुम्ही फेडू शकत नाही, पण कुणाशी बोलायचं, कोणता हप्ता आधी, एवढं चार शब्दांत सुटं करून देता येतं. त्या सुटं होण्याने माणसाला श्वास मिळतो.

दारूबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. एकच सांगते: रोज पिणाऱ्याला एकाएकी बंद करायला लावू नका. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. तिथे ग्रामीण रुग्णालयाची मदत घ्या.

देवऋषी, दर्गा, बाहेरचं. यावर पेशंटशी किंवा नातेवाइकांशी वाद घालू नका. बाहेरचं झालं म्हणणारा नवरा निदान बायकोला काहीतरी झालंय हे तरी मान्य करतो. त्याला म्हणा, “तुमचं जे चालू आहे ते करा, पण तिला बांधायचं नाही, मारायचं नाही, उपाशी ठेवायचं नाही, आणि ही गोळी चुकवायची नाही.” बहुतेक जण ऐकतात. तसंच दवाखान्यावर मोठा फलक लावून मानसिक आरोग्य शिबिर भरवू नका. फोटो निघतात, पेशंट येत नाहीत.

पाठवायचं कुणाला? भास होणारे, संशयाने घर सोडून निघालेले, अंगात अति जोर आलेले, लहान मुलं, गरोदर बायका, आणि सहा-आठ आठवडे गोळी नीट घेऊनही फरक न पडलेले. नुसतं ‘जिल्ह्याला दाखवा’ म्हणालात तर पेशंट एसटी स्टँडपर्यंतही पोचत नाही. जिल्हा पथक कोणत्या दिवशी कुठे बसतं ते टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवा, चिठ्ठी द्या, फोन करून नाव कळवा. परत आला की तो पुन्हा तुमच्या वहीत. अडलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आहे. ऑक्टोबर २०२२पासून तो चालू आहे, दिवसरात्र आणि फुकट. दवाखान्यातल्या फोनवरून पेशंटला समोर बसवून पहिला फोन तुम्ही लावून दिलात, तर दुसऱ्यांदा तो स्वतः लावतो.

आता तुमची पेशंट.

दिवाळीला अजून महिना आहे, आणि महिना पुष्कळ झाला. या आठवड्यात आशाताईंबरोबर तुम्ही स्वतः जा. निमित्त हिमोग्लोबिनचं सांगा, ते खोटंही नाही. डिस्चार्ज कार्ड आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं मागून बघा, तिथे काही सुरू केलं होतं का ते कळेल. नवऱ्याशी आधी बोला. त्याच्या मनात पोलिसांची भीती असेल. त्याला सांगा की २०१७च्या कायद्याचं कलम ११५ असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरूनच चालतं, आणि त्याला उपचार देणं हे सरकारचं कर्तव्य आहे. त्याच्या खांद्यावरून ते उतरलं की तो तुमच्या बाजूला येईल.

मग तिच्याशी, एकटीशी. माफी मागावीशी वाटली तर मागा. “तुम्ही चार वेळा आलात, मी विचारायला हवं होतं, विचारलं नाही. आज विचारते.” डॉक्टरने असं म्हटल्याने त्याचं काही कमी होत नाही. ऐकून घ्या. तोडीवर काय झालं, उचल किती, पोरींचं काय, अंगावर कोण हात टाकतं का, काहीही निघेल. सगळ्याला उत्तर द्यायचं नाही. अंगावर कुणी हात टाकत असेल तर मात्र तिथे ऐकून थांबायचं नाही, तिच्या संमतीने पुढची मदत उभी करायची.

उपचार आताच सुरू केलेत तर दिवाळीपर्यंत गोळीचा गुण दिसायला लागेल. तोवर दर बाजाराला भेट. जमलं तर या हंगामात तिने गावीच राहावं, नवरा दुसऱ्या कुणाबरोबर कोयता लावेल, म्हणजे जोडी करून ऊस तोडेल, हे नवऱ्याला सुचवून बघा. उचल घेतलेली असेल तर मुकादम ऐकणार नाही, बहुधा ती जाईलच. मग मुकादमाकडून कारखान्याचं आणि तळाच्या गावाचं नाव घ्या. तिथलं प्राथमिक आरोग्य केंद्र शोधा आणि तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला स्वतः फोन करा. ‘माझी एक पेशंट तुमच्या हद्दीत येतेय’ म्हटल्यावर दुसरा डॉक्टर नाही म्हणत नाही. गोळ्या नवऱ्याजवळ, तीन-चार आठवड्यांच्या, पुढच्या तिथून. मराठीत, मोठ्या अक्षरात एक कागद लिहा: आजार, गोळी, किती वेळा, कधीपर्यंत. खाली तुमचा नंबर आणि १४४१६. कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणार असतील तर त्याच कागदावर औषधाचं नाव इंग्रजीतही टाका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या, पालात ओल येते. तोडीवर उंदीर आणि कीटकांसाठी आणलेलं विष कोपीत ठेवायचं नाही, हे नवऱ्याला निघायच्या दिवशी पुन्हा सांगा.

कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे गळीत हंगाम संपून, टोळी कधी परतेल ते आज कुणीच सांगू शकत नाही, म्हणून वहीत तारखेच्या रकान्यात ‘पाडव्यानंतरचा पहिला बाजार’ असं लिहा, आणि तिच्या कागदावरही तेच लिहून द्या.